वर जाणारा चेंडूही पडतच असतो

क्रिकेटच्या सामन्याआधी नाणेफेक होते. कर्णधाराच्या अंगठ्यावरून नाणे उडते, वर जाते, क्षणभर थबकल्यासारखे दिसते आणि खाली येते. नाणे वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले काम करत असतात, असा प्रश्न विचारला आणि हवेचा अडथळा सोडून द्यायला सांगितला, तर चांगली शिकलेली माणसेही बहुधा दोन बाण काढतात. एक खाली दाखवणारा, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर दाखवणारा, हाताने दिलेल्या जोराचा. वरचा बाण मोठा असतो म्हणून नाणे चढते, तो हळूहळू लहान होतो, माथ्यावर दोन्ही सारखे होतात आणि मग गुरुत्वाकर्षणाची सरशी होते, अशी ती हकिकत असते. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी नाण्याचा हाच प्रश्न इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला आणि १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी तो वरचा बाण काढला होता, आणि यंत्रशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यांतही असे विद्यार्थी मोठ्या संख्येने निघाले. खरे उत्तर एका बाणाचे आहे. हातातून सुटल्यावर नाण्यावर हाताचा कसलाही जोर उरत नाही. सुटल्या क्षणापासून परत हातात येईपर्यंत एकच बल, एकाच दिशेने, एकसारखे काम करते. थोडक्यात, वर जाणारी वस्तू वर जात असतानाच पडत असते. हे विधान चमत्कारिक वाटते, पण ते अक्षरशः खरे आहे, आणि ते पटल्याशिवाय गुरुत्वाकर्षण समजले असे म्हणता येत नाही, असे माझे मत आहे.

आधी हिशेब पाहू, कारण या विधानाचा सगळ्यात सरळ पुरावा त्यातच आहे. एक चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वाकर्षण नसतेच, तर तो त्याच वेगाने चढत राहिला असता: पहिल्या सेकंदाअखेर १९.६ मीटर, दुसऱ्याअखेर ३९.२, तिसऱ्याअखेर ५८.८ आणि चौथ्याअखेर ७८.४ मीटर उंचीवर. प्रत्यक्षात तो अनुक्रमे १४.७, १९.६, १४.७ आणि शून्य मीटरवर असतो. आता दोन्हींतला फरक काढा. पहिल्या सेकंदाला चेंडू ४.९ मीटर मागे पडला, दुसऱ्याअखेर १९.६, तिसऱ्याअखेर ४४.१ आणि चौथ्याअखेर ७८.४ मीटर. हे आकडे ओळखीचे आहेत. गच्चीवरून नुसता सोडून दिलेला दगड एका सेकंदात ४.९ मीटर पडतो, दोन सेकंदांत १९.६, तीन सेकंदांत ४४.१ आणि चार सेकंदांत ७८.४ मीटर. म्हणजे वर फेकलेला चेंडू आणि नुसता सोडलेला दगड दर क्षणी सारखेच अंतर पडत असतात. एक जमिनीपासून दूर जाताना पडतो, दुसरा जमिनीकडे येताना पडतो, एवढाच भेद. चेंडू माथ्यावर पोहोचतो तेव्हा त्याचे पडणे सुरू व्हायचे असते असे आपल्याला वाटते. खरे तर तोवर तो १९.६ मीटर पडून चुकलेला असतो. वेगाचेही तसेच. दर सेकंदाला त्यात ९.८ ची घट होते: १९.६, मग ९.८, मग शून्य, मग खालच्या दिशेने ९.८, मग खालच्या दिशेने १९.६. या ओळीत कुठेही खंड नाही. शून्य हा तिच्यातला एक आकडा आहे, वळणाचा दगड नव्हे.

मग तो वरचा बाण लोकांच्या मनात येतो कुठून? याला निव्वळ अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हा बाण जगातल्या उत्तमोत्तम बुद्धिमंतांनी काढलेला आहे. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत बाणाच्या उड्डाणाचा विचार आहे. धनुष्याच्या ढकलण्याने बाणात पहिली गती येते, त्या गतीमुळे बाणात वेग नावाचा संस्कार निर्माण होतो, तो पुढची गती चालू ठेवतो, आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो, असा तो सिद्धान्त आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने वर फेकलेल्या वस्तूबद्दल जवळजवळ हेच म्हटल्याची नोंद मिळते. फेकणाऱ्याचा जोर वस्तूत असतो, तो वजनापेक्षा जास्त असेपर्यंत वस्तू चढते, तो घटत जातो तशी ती मंदावते. ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते की फेकलेल्या वस्तूला मागची हवा ढकलत राहते. अलेक्झांड्रियातल्या फिलोपोनसने सहाव्या शतकात ते खोडून काढले आणि जोर हवेत नाही, वस्तूतच भरला जातो असे सांगितले. चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ बुरिदांने याच कल्पनेला नेटके रूप दिले. त्याच्या मते तो जोर आपोआप विरत नाही, विरोध झाला तरच घटतो. आणि ज्याला आपण पतनाच्या नियमाचा जनक म्हणतो त्या गॅलिलिओने १५९० च्या सुमारास पिसात लिहिलेल्या टिपणांत वर फेकलेल्या वस्तूचे स्पष्टीकरण याच साठवलेल्या आणि ओसरत्या जोराने दिले होते. पुढे १६३८ च्या ग्रंथात त्याने हेच स्पष्टीकरण सॅग्रेडो या पात्राच्या तोंडी घातले आणि साल्व्हियाती या दुसऱ्या पात्राकडून ते बाजूला ठेववले: कारणांची चर्चा नंतर, आधी वेग नेमका कसा बदलतो ते मोजू. या दोन लेखनांमध्ये जवळजवळ अर्धे शतक आहे. एवढ्या मोठ्या माणसाला जी समजूत सोडायला इतकी वर्षे लागली, ती नववी-दहावीतल्या मुलाने एका तासिकेत सोडावी अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

तरीही ती समजूत चूक आहे, आणि का चूक आहे ते दाखवता येते. मोटारीच्या टाकीतले पेट्रोल संपत जावे तसा चेंडूतला जोर संपत जातो, असे ही समजूत मानते. तसे असेल तर चेंडूत किती जोर आहे, या प्रश्नाला एक निश्चित उत्तर असायला हवे. आता समजा, एक काचेची लिफ्ट सेकंदाला १९.६ मीटर या स्थिर वेगाने वर चालली आहे. ही निव्वळ कल्पना नाही. शांघाय टॉवर या इमारतीत याहून थोड्या जास्त वेगाची लिफ्ट आहे. आतल्या माणसाने फरशीपासून एक मीटर उंचीवर धरलेला चेंडू नुसता सोडला. फेकला नाही, ढकलला नाही, बोटे उघडली. आतल्या माणसाला तो सरळ खाली फरशीवर पडताना दिसतो आणि त्याला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने काचेतून पाहिले, तर त्याच वेळात तोच चेंडू सुमारे ७.९ मीटर वर गेलेला दिसतो. एकाच्या मते चेंडू पडला, दुसऱ्याच्या मते चढला, आणि दोघांचेही मोजमाप बिनचूक आहे. चेंडूत वर नेणारा जोर भरलेला होता असे म्हणावे, तर तो भरला कोणी? आतल्या माणसाने तर काहीच केले नाही. वर जाण्याचा वेग पाहणारा कुठून पाहतो यावर ठरतो. त्या वेगात दर सेकंदाला होणारा ९.८ चा बदल मात्र दोघांनाही सारखाच दिसतो. म्हणून निसर्गात जे खरोखर घडते आहे ते या बदलात शोधावे लागते. गती चालू राहायला कारण लागत नाही, गती बदलायला लागते. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथातल्या पहिल्या दोन नियमांचे सार हेच आहे, आणि वर फेकलेला चेंडू हा त्याचा सगळ्यात स्वच्छ दाखला आहे.

वर फेकलेल्या वस्तूवरून भारतातही एक मोठा वाद झाला होता, त्याची येथे आठवण करून देणे अगदी प्रस्तुत आहे. आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले. त्यावर आठव्या शतकातल्या लल्लाने आक्षेप घेतला की पृथ्वी फिरत असती तर पक्षी घरट्यात परत कसे आले असते, आणि सरळ वर सोडलेले बाण पश्चिमेला पडले असते. आक्षेप बुद्धीचा आहे. पुण्याच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. सेकंदाला ३० मीटर वेगाने वर फेकलेली वस्तू सुमारे सहा सेकंदांनी परत येते. लल्लाचा तर्क धरला तर ती अडीच किलोमीटरहून जास्त पश्चिमेला पडायला हवी. ती पडत नाही, कारण हातातून सुटताना पृथ्वीचा पूर्वेकडचा वेग तिच्यात असतोच, आणि तो टिकवायला कोणाच्याही जोराची गरज नसते. गंमत अशी की लल्लाने सांगितलेली दिशा बरोबर आहे. वारा आणि हवा वगळून नेमका हिशेब केला तर अशी वस्तू खरोखर पश्चिमेला सरकते, मात्र सुमारे अडीच सेंटीमीटर. किलोमीटर आणि सेंटीमीटर यांतल्या एवढ्या अंतरात जडत्वाचा अख्खा नियम सामावलेला आहे.

सगळ्यात चिवट गैरसमज माथ्याविषयी आहे. माथ्यावर वेग शून्य होतो, हे खरे. म्हणून तिथे त्वरणही शून्य होते, बले समतोल होतात, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. विचार करून पाहा: एखाद्या ठिकाणी वेगही शून्य आणि वेगातला बदलही शून्य असेल, तर वस्तू तिथेच लटकून राहील. नाणे लटकून राहत नाही, यातच उत्तर आले. मग ते थबकल्यासारखे का दिसते? कारण चढाच्या वरच्या एक चतुर्थांश भागात त्याचा निम्मा वेळ जातो. चेंडू २० मीटर उंच जाणार असेल तर शेवटच्या पाच मीटरांत जाऊन येण्याला लागणारा वेळ एकूण उड्डाणाच्या निम्मा असतो. व्हॉलीबॉलमध्ये जाळीवर उडी घेतलेला खेळाडू हवेत तरंगतो असे वाटते ते याच हिशेबामुळे. गुरुत्वाकर्षणाने त्याला कसलीही सवलत दिलेली नसते.

येथे व्यवहारी वाचक म्हणेल की हे सगळे निर्वात जगातले हिशेब आहेत, खरी वस्तू हवेत उडते. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. हवेचा विरोध नेहमी गतीच्या उलट असतो. वर जाताना तो खाली ओढतो, म्हणून चेंडू ९.८ पेक्षा जास्त दराने मंदावतो. खाली येताना तो वर रेटतो, म्हणून वेग ९.८ पेक्षा कमी दराने वाढतो. त्यामुळे हवेत चढायला कमी वेळ लागतो, उतरायला जास्त, आणि परतीचा वेग सुटतानाच्या वेगापेक्षा कमी असतो. बंदुकीच्या गोळीच्या बाबतीत तर तो मूळ वेगाचा लहानसा अंशच उरतो, तरीही माणसाचा जीव घ्यायला तो पुरतो; लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण स्थिर हवेत सरळ वर फेकलेल्या वस्तूचा माथा पाहा. तिथे वेग शून्य, म्हणून हवेचा विरोधही शून्य. संपूर्ण उड्डाणात हीच एक जागा अशी आहे, जिथे गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे काहीही काम करत नाही आणि त्वरण नेमके ९.८ असते. जिथे विद्यार्थी गुरुत्वाकर्षण नाहीसे करून टाकतात, तिथेच ते सर्वांत निखळ असते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. चढणाऱ्या वस्तूला पडणारी म्हणणे ही केवळ भाषेची कसरत आहे, कागदावरच्या त्या काल्पनिक रेषेपासून ती मागे पडते याला पडणे म्हणायचे कशाला, असे कोणी विचारेल. याला उत्तर शब्दांनी देऊन भागणार नाही. उपकरणाने द्यावे लागेल, आणि ते उपकरण आज बहुतेकांच्या खिशात आहे. मोबाइल फोनमध्ये त्वरणमापक असतो. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने तयार केलेले फायफॉक्स हे मोफत ॲप त्याचे आकडे आलेखात दाखवते. फोन टेबलावर ठेवला की आकडा ९.८ च्या आसपास असतो, कारण टेबल त्याला वर रेटत असते. जाड गादीवर उभे राहून फोन गोल न फिरवता सरळ वर उडवला, तर आधी हाताच्या रेट्याचा उंचवटा दिसतो आणि फोन हातातून सुटताच आकडा शून्याजवळ येतो. वर जाताना शून्याजवळ, माथ्यावर शून्याजवळ, खाली येताना शून्याजवळ, गादीवर आपटेपर्यंत. आलेख पाहून माथा कुठे होता ते ओळखता येत नाही. फोनला चढणे आणि उतरणे यांतला फरक कळतच नाही, कारण दोन्ही वेळा तो मुक्त पतनात असतो.

हे सत्य वापरून चालणारी एक मोठी प्रयोगशाळाच आहे. ब्रेमेन शहरात १४६ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. त्यातल्या ११० मीटरच्या निर्वात नळीतून प्रयोगांची कुपी सोडली की ४.७४ सेकंद भारहीन अवस्था मिळते. शास्त्रज्ञांना जास्त वेळ हवा होता. मनोरा दुप्पट उंच करूनही वेळ दुप्पट झाला नसता, कारण पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यासाठी नळी चौपट लांब लागली असती. मग २००४ मध्ये त्यांनी तळाशी एक फेकयंत्र बसवले. ते कुपीला खालून वर भिरकावते, कुपी माथ्यापर्यंत जाऊन परत येते आणि भारहीनता सुमारे ९.३ सेकंद टिकते. वर जाणे हे पडणेच नसते, तर हा वेळ दुप्पट झालाच नसता. कुपीतल्या ज्वाला आणि द्रवाचे थेंब चढत्या वाटेवरही तसेच वागतात, जसे उतरत्या वाटेवर.

वर गेलेली वस्तू खाली येतेच, ही म्हणही या विचाराने तपासून घ्यावी लागते. ती नियम नाही. गुरुत्वाकर्षण उंचीबरोबर हळूहळू क्षीण होते. चारशे किलोमीटर उंचीवर ते ८.७ च्या आसपास उरते. सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने, हवेचा अडथळा नसताना, वर गेलेली वस्तू पृथ्वीकडे कधीच परत येत नाही. तरी तिचा वेग सतत घटतच असतो, म्हणजे पडणे चालूच असते. फक्त ते कधी पुरे पडत नाही. चंद्र तर रोज डोळ्यांसमोर पडतो आहे. तो पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट अंतरावर आहे, म्हणून तिथले ओढणे ३६०० पट कमी, आणि म्हणून एका सेकंदात तो आपल्या सरळ वाटेपासून ४.९ मीटर नव्हे, सुमारे १.४ मिलिमीटर पडतो. न्यूटनने चेंडू आणि चंद्र एका नियमात बांधले ते सरळ रेषेपासून किती पडले हाच प्रश्न दोघांनाही विचारून. वर फेकलेला चेंडू आधी चढतो आणि मग पडतो असे मानणाऱ्याला हा दुवा सापडूच शकत नाही, कारण चंद्र चढतही नाही आणि उतरतही नाही.

आपल्याकडे हे सारे आधीच ठाऊक होते, असेही म्हटले जाते, आणि त्यासाठी भास्कराचार्यांचा दाखला देतात. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीला आकृष्टिशक्ती आहे आणि ती आकाशातल्या जड वस्तूला स्वतःकडे ओढते, म्हणून ती पडते असे भासते, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाच्या काळातला, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे, आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा. पण पडणे हे वस्तूच्या स्वभावाऐवजी पृथ्वीच्या ओढण्याला जोडणे ही एक पायरी झाली. किती वेळात किती अंतर, वेगात दर सेकंदाला किती बदल, हे मोजणे ही दुसरी, आणि ती तिथे नाही. भास्कराचार्यांचे खरे मोल सांगायला दुसऱ्या पायरीचे श्रेय त्यांना चिकटवण्याची गरज नाही.

आता शाळेकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ या पुस्तकातला पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे. वर फेकलेल्या चेंडूचे उदाहरण तिथे आहे, मुक्त पतन आहे, समीकरणे आहेत. पण वर्गात आणि शिकवणीत बहुतेक ठिकाणी मुलांना एक ठोकताळा दिला जातो: वर जाताना जी, म्हणजे ९.८ चा तो आकडा, ऋण घ्यायचा, खाली येताना धन. उड्डाण दोन तुकड्यांत कापायचे, एकाला मंदन म्हणायचे, दुसऱ्याला त्वरण. उत्तर बरोबर येते, आणि मुलाच्या मनात पक्के बसते की गुरुत्वाकर्षण माथ्यावर आपली दिशा किंवा स्वभाव बदलते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओसरत्या जोराला याहून चांगला आश्रय कोणता मिळणार? त्याऐवजी वरची दिशा धन एकदाच ठरवावी, ऋण ९.८ हा आकडा सुटल्यापासून पडेपर्यंत तसाच ठेवावा आणि संपूर्ण उड्डाण एकाच समीकरणाने सोडवावे: उंची बरोबर १९.६ गुणिले वेळ, वजा ४.९ गुणिले वेळेचा वर्ग. यात चार सेकंद घाला, शून्य येते, चेंडू जमिनीवर. तुकडे करायची गरजच पडत नाही.

परीक्षेत गुण तर मिळतातच, सीईटीच्या प्रश्नांना एवढे पुरते, मग तासिका खर्च कशाला करायच्या, असे शिक्षक विचारतील, आणि अपुऱ्या वेळात अभ्यासक्रम संपवणाऱ्या शिक्षकाचा हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण क्लेमेंट यांचे विद्यार्थीही परीक्षा पास झालेलेच होते. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या समजुती तपासणारी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही, आणि सरळ वर फेकलेल्या पोलादी चेंडूवर कोणती बले असतात हा प्रश्न तिच्यात मुद्दाम आहे. समीकरणे सोडवू शकणारे असंख्य विद्यार्थी अशा साध्या प्रश्नांवर अडतात, हे तिने जगभर दाखवून दिले. गणिताच्या उत्तराखाली जुनी समजूत शाबूत राहते, आणि पुढे उपग्रह, भरती-ओहोटी, अवकाशयात्रींची भारहीनता असे काहीही समोर आले की तीच वर येते. अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, असे पदवीधर माणसे आत्मविश्वासाने सांगतात ते याचमुळे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. हा पाठ घेताना आधी फळ्यावर उडणारे नाणे काढा आणि मुलांना बाण काढायला सांगा. वरचा बाण आला तर तो लगेच खोडू नका. हा बाण कणादांनी, हिप्पार्कसने, तरुण गॅलिलिओने काढला होता, हे त्यांना सांगा, आणि मग लिफ्ट, फोन आणि फरकांचे ते चार आकडे घेऊन त्यांच्याकडूनच तो खोडून घ्या. याला एक तासिका लागेल. ती द्या.